बायपासवाल्याचा उजवा हात

५ ऑक्टोबर २००३, रविवार. दसरा.

लोक एक जानेवारीला डायरी सुरू करतात आणि संक्रांतीच्या आत बंद पाडतात. मी दसऱ्याला सुरू करतो आहे. ही वही फक्त माझ्यासाठी.

आधी वस्तुस्थिती. अपघाताचा रिपोर्ट लिहिताना भावना बाजूला ठेवायच्या, हे नंदेसरीच्या केमिकल फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर म्हणून मी दोन पिढ्यांना शिकवले. तर, मे महिन्यात माझे छातीचे ऑपरेशन झाले. आजाराचे नाव एकदाच लिहितो, पुन्हा या वहीत येणार नाही. ब्रेस्ट कॅन्सर. पुरुषांनाही होतो. डॉक्टर म्हणाले, मिस्टर दिघे, फारच क्वचित होतो. मी पहिल्यापासून चारचौघांसारखा नव्हतोच. उजव्या बाजूची गाठ गेली, काखेतल्या ग्रंथी गेल्या, पुढचे उपचार झाले, प्रकरण बंद.

पण बायकांचा आजार झालेला पुरुष म्हणून मी बडोद्यातल्या निजामपुऱ्याच्या आमच्या सोसायटीत फिरणार नाही. मेलो तरी नाही. सुदैवाने वेळच आली नाही. घरी आलो त्याच संध्याकाळी शेजारचे नवीनभाई नारळ घेऊन आले. त्यांची स्वतःची बायपास झालेली आहे. माझ्याकडे बघून त्यांनीच विचारले, बायपास ने? म्हणजे, बायपासच ना? मी डोळे मिटून पडून राहिलो. मौन म्हणजे खोटे बोलणे नव्हे. दुसऱ्या दिवशी सोसायटीभर बायपास. हल्ली मोठ्या माणसाला बायपास लागतेच. VRS घेतल्यापासून इतका मान मला मिळाला नव्हता.

एकच लफडे. ऑगस्टपासून उजवा हात सुजला आहे. पोवळ्याची अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली. आज सोने देताना मी आपट्याची पाने डाव्या हाताने दिली, तर मागच्या लाइनीतल्या मथुराबाई म्हणाल्या, डाव्या हाताने सोने घेत नाहीत हो. म्हातारीला बायपासचे काय कळणार.

संकल्प. उत्तरायणापर्यंत हात पहिल्यासारखा. चौदा जानेवारीला गच्चीवर, याच हाताने, पतंग.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

ट्रस्टच्या हॉस्पिटलात दर मंगळवारी सुजलेल्या हातांचा क्लास असतो. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. माझ्या बायकोने, वसुंधराने, रिक्षा बोलावली. दुसऱ्या मजल्यावर पोचलो, दाराच्या काचेतून पाहिले. आत दहा-बारा बायका. फक्त बायका. सगळ्यांचा एकेक हात वर. फिजिओथेरपिस्ट कोमलबेन आमच्या मुलाच्या, आशयच्या, वयाची असेल. दार उघडून म्हणाली, आवो ने अंकल, शरमाओ छो शुं?

मी शरमत नव्हतो. मी परिस्थितीचा आढावा घेत होतो.

आढाव्यानंतर वसुंधराला आत पाठवले. तिने शिकायचे, घरी येऊन माझ्यावर करायचे. मॅनेजमेंटमध्ये याला डेलिगेशन म्हणतात. मी अख्खी फॅक्टरी याच तत्त्वावर सांभाळली, स्वतः कधी टाकीत उतरलो नाही. वसुंधरा माझ्याकडे बघत उभी राहिली, मग पदर खोचून आत गेली. तिचे दोन्ही हात ठणठणीत आहेत, त्यामुळे तिला सोपे जाईल.

बाहेर बाकावर नवरे बसलेले. शेजारी दत्ताजीराव, तरसालीचे, रेल्वेतून रिटायर. आत त्यांची मंडळी, मंदाकिनीबाई, शाळेच्या प्रिन्सिपॉल होत्या. त्यांचा डावा. दत्ताजीरावांनी विचारले, वहिनींचा कधीपासून? मी म्हणालो, ऑगस्टपासून. प्रश्नाला सरळ उत्तर दिले. हात कोणाचा हे मी बोललोच नाही.

८ ऑक्टोबर.

वसुंधराने कालचा धडा सांगितला. शरीरात रक्ताशिवाय आणखी एक पाणी फिरते. त्याच्या बारीक नळ्या असतात आणि त्यांना हृदयासारखा पंप नसतो. काखेतल्या ग्रंथी काढल्या की हाताचे पाणी वर चढायला वाट राहत नाही, ते तिथेच साठते. म्हणून हलक्या हाताने कातडी सरकवत पाण्याला दुसऱ्या बाजूची वाट दाखवायची. आधी मान, मग डावी काख, मग छाती, शेवटी हात.

मला एका मिनिटात कळले. ड्रेन लाइन चोक झाली आहे, पाणी वळवायला दुसरी लाइन टाकायची. प्लांटमध्ये त्याला बायपासच म्हणतात. म्हणजे मी लोकांना खोटे काहीच सांगितले नाही.

मसाज मात्र फुसका. मोराचे पीस फिरवल्यासारखा. मी म्हटले, जोर लाव. ती म्हणाली, कोमलने जोर लावायचा नाही असे तीनदा सांगितले आहे, नळ्या कातडीच्या लगेच खाली असतात, दाबल्या की मिटतात. मी म्हटले, कोमलच्या जन्माआधीपासून मी पाइपलाइन बघतो. ती उठून आमटीला फोडणी द्यायला गेली. मी स्वतःच डाव्या हाताने रगडला.

रात्रीपर्यंत हात लाल. रक्ताभिसरण सुधारल्याचे लक्षण.

१५ ऑक्टोबर.

मुंबईहून स्लीव्ह आली. मनगटापासून खांद्यापर्यंतचा घट्ट मोजा, रंग कातडीचा म्हणतात पण माझ्या कातडीचा तरी नाही. पाणी पुन्हा उतरू नये म्हणून दिवसभर घालायचा. घालायला वसुंधरा, मी आणि टाल्कम पावडर, तिघे लागलो.

हा मोजा बाहेर दिसणार नाही, हा माझा निर्णय. वरून फुल शर्ट, कफाचे बटण बंद. बडोद्याच्या ऑक्टोबरात. दुपारी भाजीवाल्याने विचारले, काका, ठंडी लागे छे? संध्याकाळी नवीनभाईंनीही हाताकडे बघितले. मी आधीच तयारी केली होती. म्हटले, तुमच्या वेळी पायातली नस काढत, आता हातातली काढतात, म्हणून जरा सूज. नवीन टेक्नॉलॉजी. ते म्हणाले, हां हां, मेडिकल सायन्स बहु आगळ वधी गयुं. मेडिकल सायन्स फार पुढे गेल्याचे लगेच पटले त्यांना. कापडाचा व्यापारी, भोळा माणूस.

२६ ऑक्टोबर. गुजराती नवे वर्ष.

साल मुबारक. सकाळपासून हस्तांदोलन. हा सण कोणी काढला? आपल्याकडे पाडव्याला लांबून नमस्कार असतो, तो सेफ्टीच्या दृष्टीने फार वरचा आहे.

नवीनभाईंनी मात्र दोन्ही हात जोडले आणि माझा डावा हात धरून मला त्यांच्या झोपाळ्यावर बसवले. उजव्या हाताखाली स्वतः उशी सरकवली. घुगरा, म्हणजे आपली करंजी, खाऊ घातला. मग त्यांच्या साडूने विषय काढला की दोन बायपासवाले शेजारी शेजारी, एकमेकांचे टाके दाखवा बघू. नवीनभाईंचे शर्टाचे बटण उघडलेसुद्धा, बरोबर मध्यावर सरळ रेघ. सगळे माझ्याकडे बघू लागले. माझी रेघ मध्यावर नाही. मी म्हटले, मला हवा लावायची मनाई आहे.  नवीनभाईंनीच साडूला झापले, सणासुदीला टाके शुं जुओ छो, मठिया खाओ. बटण लावले.

त्यांच्या भोळेपणाचा आज फायदा झाला. माणसाने थोडे तरी चौकस असावे.

४ नोव्हेंबर.

क्लासने फार वेळ घेतला. सूज उतरते आहे पण गोगलगायीच्या वेगाने. रूट कॉज अनालिसिस केले. निष्कर्ष: दाब कमी पडतो आहे. केमिस्टकडून रुंद इलॅस्टिक पट्टी आणली आणि वसुंधरा भजनाला गेल्यावर दंडापासून खाली, एकदम टाइट, मनगटापर्यंत गुंडाळली. झोपाळ्यावर बसून पेपर वाचला.

तासाभरात पंजा कणकेच्या गोळ्यासारखा. बोटे जवळ येईनात. कलम धरता येईना. पट्टी डाव्या हाताने सुटेना. वसुंधरा परत आली तेव्हा मी दातांनी प्रयत्न करत होतो.

तिने पट्टी सोडली. ओरडली नाही, हे वाईट. नंतर कळले की कोमल पट्ट्यांचे वेगळे थर बांधते, बोटांपासून सुरू, खाली जास्त दाब, वर कमी, म्हणजे पाणी वर ढकलले जाते. मी वरून आवळून खालचे पाणी खालीच कोंडले. बरे, पण हे त्या पाकिटावर छापायला नको? हलक्या कंपनीची पट्टी होती.

१८ नोव्हेंबर.

आज मी दोन शब्द बोललो. म्हणजे भाषण नव्हे, पण बाकावरचे चारही नवरे माझ्याकडे वळून ऐकत होते. दत्ताजीरावांनी विचारले होते की वहिनी हे सगळे इतक्या शांतपणे कसे घेतात. मी म्हणालो, रुग्णाचे मन घरच्यांवर अवलंबून असते. आजार लपवू नये. लाज कसली? शरीर आहे, बिघडते. ज्याला लपवावेसे वाटते तो आधीच अर्धा हरला. डासाचा चावा, सुईचा टोचा, गरम भांडे, सगळ्यांपासून हात जपायचा. त्या हातावर ब्लड प्रेशरचा पट्टासुद्धा नको. एकाने खिशातून कागद काढून लिहून घेतले.

मागे दार उघडे होते. वसुंधरा उभी होती. तिने सगळे ऐकले असणार.

रिक्षात निजामपुरा येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. भारावली असावी.

२ डिसेंबर.

विजय! कोमलने टेप घेऊन मला ईसीजीच्या रिकाम्या खोलीत गाठले आणि दार लावून माप घेतले. कोपराखाली चांगला इंचभर फरक. हात मऊ पडला आहे, दाबले की खड्डा पडत नाही. कोमल म्हणाली, आंटीए बहु महेनत करी. रोज रात्री अर्धा तास मसाज, पट्ट्या, सकाळी सोडणे, क्रीम. खरे आहे, वसुंधराचा हातभार आहेच. पण इच्छाशक्ती कोणाची?

कोमलने विचारले की आता आत कधी येणार, आतल्या बायका दर मंगळवारी विचारतात. मी म्हटले, बघू. आतल्या बायका माझ्याबद्दल का विचारतात हे कळले नाही. बाहेर बसणाऱ्याचे व्यक्तिमत्त्व काचेतूनही जाणवत असावे.

उद्दिष्ट गाठले असल्याने उद्यापासून स्लीव्ह बंद. कोमलला सांगितलेले नाही. वसुंधरालाही नाही. फुल शर्टाच्या आत कोण बघतो?

१६ डिसेंबर.

दत्ताजीराव एकटेच आले होते. क्लासला नव्हे, कोमलला सांगायला. मंदाकिनीबाई आठवडाभर दाखल होत्या. गुलाब छाटताना काटा टोचला, संध्याकाळी हात लाल, अंगात थंडी, ताप भडकला. डॉक्टर म्हणाले, अडलेल्या पाण्यात जंतू फार लवकर पसरतात. आता बऱ्या आहेत, पण हात पुन्हा मूळ पदावर. उलट जास्त कडक. दर वेळी असे झाले की आतल्या उरलेल्या नळ्या आणखी खराब होतात.

सांगता सांगता दत्ताजीराव रडायला लागले. रेल्वेतला एवढा धिप्पाड माणूस. म्हणाले, जनार्दनराव, मला भीती वाटते हो. तुम्हाला नाही वाटत? आणि माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ.

मी म्हटले, धीर धरा. त्यांच्या पाठीवर थोपटले, डाव्या हाताने. मग उजव्या कफाचे बटण लावलेले आहे ना, ते तपासले. 

घरी येऊन स्लीव्ह शोधली. सापडली. घातली नाही. एका काट्यावर धोरणे बदलायची नसतात.

३१ डिसेंबर.

नव्या वर्षाचे संकल्प. हात थोडा भरल्यासारखा वाटतो, पण थंडीत सगळ्यांनाच वाटतो. दोन पौंडांचे डंबेल आणले आहेत. मांजा रंगवायला दिला आहे, गुलाबी, माझ्या पद्धतीचा, काच जरा जास्त. वसुंधरा म्हणाली, काच कशाला. मी म्हटले, मग मांजा कशाला.

१३ जानेवारी २००४, मंगळवार.

आज क्लासला गेलो नाही. तयारीचा दिवस. पतंगांच्या कन्नी बांधल्या, म्हणजे वसुंधराने बांधल्या, मी सूचना दिल्या, माझ्या बोटांना बारीक गाठ जमत नाही.

संध्याकाळी तिने अट घातली. लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि स्वर असा की जणू मी तिच्या हाताखाली नोकरीला आहे. उद्या गच्चीवर जायचे तर स्लीव्ह, वर ग्लोव्ह, बोटांना चिकटपट्टी. नाहीतर पतंग डाव्या हाताने. नाहीतर नुसती फिरकी धरायची. ती म्हणाली, हा हात तुमचा एकट्याचा नाही, रोज रात्री अर्धा तास माझा असतो.

फिरकी! उत्तरायणाला फिरकी बायको धरते किंवा ज्याला पतंग येत नाही तो. मी या गच्चीवरून गोरव्याच्या दिशेचे आकाश साफ केले आहे. सूज आली म्हणून मी फिरकी धरायची? कॅन्सरपुढे वाकलो नाही. (हा शब्द पुन्हा येणार नव्हता. असो.) लोक म्हणतात देवाने दिलेले स्वीकारावे. देवाने मला हा हात पतंग उडवायला दिला, तेही मी स्वीकारले आहे. मी कोणाची दया मागितलेली नाही, आणि मोज्यात हात घालून उभा राहिलो की पहिली दयाच येणार.

तिला हो म्हणालो. ग्लोव्ह गच्चीवर जाईपर्यंत घालीन. पुढचे पुढे.

१४ जानेवारी. संध्याकाळ.

काप्यो छे! काप्यो छे!

काय दिवस होता. उत्तरेचा वारा, स्थिर. वसुंधरा तिळाचे लाडू आणायला खाली गेली तशी मी ग्लोव्ह आणि स्लीव्ह पाण्याच्या टाकीमागे ठेवली. त्याआधी सोसायटीतल्या सगळ्या मुलांच्या बोटांवरच्या चिकटपट्ट्या स्वतः तपासल्या, दोघांना खाली परत पाठवले. सेफ्टी म्हणजे सेफ्टी.

फिरकी नवीनभाईंनी धरली. आपणहून. स्वतःचा पतंग बाजूला ठेवला आणि दिवसभर माझ्यामागे उभे. सारखे म्हणत, जनार्दनभाई, हवे लावो, थोडी वार हुं. मी दोर त्यांच्या हाती दिला नाही. समोरच्या गच्चीवरचा काळ्या चांदाचा पतंग मी असा ओढून कापला की सगळीकडून आरोळी उठली. हा हात! आठ महिन्यांपूर्वी ज्याच्या मालकाला लोक मेला म्हणून मोकळे झाले असते, तो हात. मी रडलो असतो, पण ऊन डोळ्यांत येत होते.

तर्जनीवर एक छोटी चीर पडली. नगण्य. नवीनभाईंनी पाहिली, त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी थेट वसुंधराला हाक मारली. चुगलखोर. तिने काहीतरी जळजळणारे लावले. टाकीमागे काय ठेवले आहे हेही तिला कळले. उंधियू वाढले, जिलबी वाढली, बोलली नाही.

बोलणार काय. विजेत्यापुढे कोण बोलतो.

१५ जानेवारी. वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा दुसरा दिवस. सकाळ.

रात्री थंडी वाजली. दोन रजया. कालच्या उंधियूमध्ये रताळू कच्चे होते, मी तेव्हाच म्हटले होते.

हात लाल. मनगटापासून कोपरापर्यंत, वर चढत. गरम. उन्हाने भाजला. गुलाबी मांजाचा रंगही अंगाला लागतो. वसुंधरा फोन फिरवते आहे. उगाच. कोणाला करते आहे? कोणाला काही सांगू नकोस म्हटले. थोडा वेळ पडतो आणि मग वर जातो, आज वारा कालच्यापेक्षा

१८ जानेवारी. हॉस्पिटल. डाव्या हाताने.

अक्षर वाईट. कोणी वाचणार नाही.

नवीनभाईंच्या मारुतीतून आणले. मागच्या सीटवर मी, डोके वसुंधराच्या मांडीवर. पुढे त्यांची बायको. मागून स्कूटरवर अर्धी सोसायटी. अंगात ताप, पण डोके चालू होते. विचार एकच. हे सगळे आत जाऊन सांगणार, बायपास पेशंट. डॉक्टर हृदय बघत बसणार. हात राहील बाजूला. हात जाईल.

सांगायलाच हवे होते. सगळ्यांसमोर. मी उठून बसलो, स्ट्रेचरवर. ओरडून म्हणालो, मला बायपास झालेली नाही. मला तो दुसरा. ब्रेस्टचा.

कोणी दचकले नाही.

नर्स सुई घेऊन उजव्या बाजूला आली होती. नवीनभाई मध्ये उभे, माझा उजवा हात दोन्ही हातांत उचलून. तिला म्हणत होते, आ हाथमां सोय नहीं बेन, ब्रेस्टनुं ऑपरेशन छे, बीजा हाथमां. या हाताला सुई नको, दुसऱ्या हाताला, हे माझ्या आधीच म्हणत होते. त्यांच्या बायकोने तारीखही सांगितली. मथुराबाई मागून म्हणाल्या, बीपीसुद्धा डाव्यावर घ्या.

मे महिन्यात ऑपरेशन चालू होते तेव्हा आशय पुण्याहून निघालेला नव्हता. वसुंधरा बाहेर एकटी. नवीनभाई आणि त्यांची बायको दिवसभर तिच्याजवळ बसले होते. मला कोणी सांगितले नाही. सोसायटीला तेव्हापासून माहीत. मी घरी आलो त्या दिवशी नवीनभाईंनी बायपास ने असे विचारले. विचारले नव्हते. निमित्त दिले होते.

आठ महिने. चोवीस घरे. लहान मुलेसुद्धा.

दत्ताजीराव आज भेटून गेले. त्यांनाही पहिल्या मंगळवारापासून. क्लासच्या हजेरीत माझे नाव होते.

ताप उतरला. हात वाचला. सूज ऑक्टोबरपेक्षा जास्त. बोटे दुखली. थांबतो.

२७ जानेवारी २००४, मंगळवार.

हे अक्षर माझे आहे, वसुंधरा दिघे हिचे. ह्यांचा उजवा हात बोटांपासून दंडापर्यंत पट्ट्यांत आहे आणि डाव्या हाताने लिहिलेले त्यांचे त्यांनाच लागत नाही. म्हणून मला बसवले. आधीची पाने वाचायची नाहीत, अशी अट घातली आहे. वाचली नाहीत. मी त्याच घरात राहते, वाचायची गरज नाही.

ते सांगतात तसे लिहिते.

आज मी क्लासमध्ये प्रवेश केला. सर्व भगिनींनी टाळ्या वाजवून स्वागत केले. (टाळ्या वाजल्या नाहीत. एक हात वर असताना टाळी कशी वाजेल? मंदाकिनीबाईंनी सतरंजीवर सरकून जागा दिली आणि शर्ट काढायला सांगितले. हे म्हणाले, इथे? त्या म्हणाल्या, मग काय वर्गाबाहेर? शर्ट निघाला. ती आडवी रेघ पहिल्यांदा घराबाहेर दिसली. कोणी बघत बसले नाही, सगळ्यांच्या आहेत.)

प्रत्येकाने नाव आणि बाजू सांगायची असते. मी खणखणीत आवाजात सांगितले, जनार्दन दिघे, उजवा. (दुसऱ्यांदा ऐकू आले.)

कोमलने माप घेऊन सांगितले की प्रगती उत्तम आहे. (असे सांगितले नाही. हात पहिल्यासारखा होणार नाही, असे सांगितले. रोज केले तर ताब्यात राहील, आंघोळीसारखे रोज, जन्मभर. पुन्हा जंतू शिरले तर आणखी अवघड. हे तेव्हा छताकडे बघत होते. मी बघितले आहे.)

पुढच्या उत्तरायणापर्यंत हात पूर्ण बरा करून मी पुन्हा गच्चीवर. इथे मी, वसुंधराने, लेखणी खाली ठेवली. ते म्हणाले, लिही. मी म्हटले, हे लिहिणार नाही, माझे अर्ध्या तासाचे काम आहे रोज रात्री, मला माहीत आहे काय लिहायचे.  नवीनभाईंच्या घरातून झोपाळ्याच्या कड्या वाजत होत्या. ह्यांनी पट्ट्यांतला हात उशीवर ठेवला, मग माझ्या मांडीवर ठेवला. फार जड आहे तो. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून हा माणूस माझ्याशी त्या आजाराविषयी एक वाक्य बोललेला नाही.

मग म्हणाले, बरे, शेवटचे लिही. मला भीती वाटत नाही.

मी लिहिले:

मला भीती वाटते.

वही त्यांच्यापुढे धरली. चष्मा लावून वाचली, रिपोर्ट तपासायचे तशी, ओळीखाली बोट फिरवत. मला वाटले आता खोड म्हणतील. त्यांनी डावा हात पुढे केला, माझ्याकडून पेन घेतले आणि त्याच्याखाली सही केली.